चूलबंद आवतण

२६ एप्रिल १९६८

शेगडी आजही विझली. तीनदा! नैरोबीत बटण फिरवलं की झालं. इथे अंगणात उकिडवं बसून कोळशांची मनधरणी करा. शेवटी शेजारची प्रेमिला कुंपणाशी आली. "काहून वं ताई, वरून काय फुंकून राहिल्या? खालून हवा द्या नं." पाच मिनिटांत पेटली. तिचे यजमान देवराव ह्यांच्याच ऑफिसात आहेत. पाच महिन्यांत माझ्याशी हसून बोलणारी एवढी एकच बाई.

म्हणे नागपूर शहर! दाराशी रोज कुणाचे ना कुणाचे बैल सोडलेले. भाजीवाली विचारते, "आफ्रिकेतून इतक्या दूर काहून आल्या बाई?" लग्न झालं म्हणून आले, दुसरं काय सांगू? आई चिपळूणची, घरात मराठीच बोलायचो, तेवढ्यावर इथे निभेल असं वाटलं होतं. कुठलं काय.

३ मे

यमुआत्या सकाळपासून फुरंगटल्या आहेत. ह्यांना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे घर त्यांच्याच धाकात. "त्या प्रेमिलाशी इतकं काय बोलायचं असतं?" का नाही बोलायचं, ते विचारलं. "तुला नाही समजायचं. तू बाहेरची."

समजतं तेवढं. प्रेमिला बारा वर्षांची असताना इथेच त्यांचं सगळं घर बौद्ध झालं. परवा ती ते सांगत होती, किती खुशीत! आत्यांना तेच खुपतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आत्याचं मनावर घेऊ नकोस." ताकास तूर लागू देतील तर शपथ.

१२ मे, रविवार. वैशाख पौर्णिमा

सकाळी हे म्हणाले, "दुपारी देवरावांकडे जेवायचंय. तिकडे उशीर होईल, आधी थालीपिठं लाव." दहाच्या उन्हात अंगणात शेगडी मांडली. पहिल्याच काडीत पेटली! धूर गेला पार कोपऱ्यापर्यंत. प्रेमिला दोरीवर धुणं घालत होती. मी हात केला, बघ म्हटलं, जमलं! ती आत निघून गेली. कामात असेल.

आत्यांना पौर्णिमेचा उपास, आम्ही दोघंच गेलो. प्रेमिला बोलेचना. "वाढू का?" एवढंच. माझं पोट भरलेलं, दोन पुऱ्या आणि चमचाभर खीर, पुढे जाईना. हेही पानात टाकून उठले. देवरावांनी हात जोडले, "आले तुमी, बरं वाटलं." पण चेहरा बरं वाटल्याचा नव्हता. माझं काही चुकलं का? डोकं भणभणलं आहे.

१३ मे

प्रेमिला कुंपणाशी आली नाही.

१४ मे

आजही नाही. हाक मारली, तिने खिडकी लावून घेतली.

१६ मे

आत्यांनी आज आपल्या हाताने माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला! वर म्हणाल्या, "शहाणी आहेस हो. न सांगता रीत राखलीस." कसली रीत? तेव्हा कळलं. देवरावांचं आवतण चूलबंद होतं. म्हणजे सगळं घर जेवायला या, आज तुमची चूल पेटायची नाही. आणि तरी पेटवली, तर त्याचा अर्थ एकच – तुमच्या हातचं आम्हाला नको.

"सगळ्या आळीनं धूर पाहिला," आत्या म्हणाल्या. खूश होत्या.

तिनेच मला शेगडी शिकवली, आणि तीच पेटवून मी तिला हात केला. गजरा काढून टाकला.

१७ मे

प्रेमिलाच्या दारात जाऊन उभी राहिले. "मला खरंच माहीत नव्हतं गं." ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "तुमाले कसं माहीत असन ताई? तुमी बाहेरच्या." मला रडू आलं. तिने पाट सरकवला, पाणी दिलं. मग खाली बघूनच म्हणाली, "पन भाऊले तं आठ दिस आदीच सांगतलं होतं, चूलबंद म्हनून. भाऊ हो म्हने. भाऊ तं इथलेच हायेत नं?"

ह्यांचा तर जन्म इथला.

१८ मे

विचारलं ह्यांना. पेपर खाली न घेता म्हणाले, "माहीत होतं. जेवायला गेलो नसतो तर देवराव दुखावला असता, धूर दिसला नसता तर आत्यानं जेवण सोडलं असतं. तू पेटवलीस तर काय बिघडलं? तू बाहेरची, तुला सगळे माफ करतात."

आज घरात स्वयंपाक केलेला नाही. प्रेमिलाकडे चालले आहे, जेवायला वाढ म्हणणार आहे. वाढेल की नाही, ठाऊक नाही.