डाव्या हाताचे कागद

१८ नोव्हें., मंगळ.
दौंडला प्रशिक्षण. शिरूर-दौंड मिळून तीसेक शिक्षक. विषय : दहावीच्या मुलांचा ताण. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, वयाने लहान, खुर्चीवरच मांडी घालून बसलेल्या. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष ठेवायचे. मन भटकले तर त्याच्यावर रागवायचे नाही, परत आणायचे. मग स्वतःला पत्र लिहायचे, जवळच्या मैत्रिणीला लिहितो तसे. डाव्या हाताने. सावकाश लिहिले जाते आणि अक्षर ओळखू येत नाही. पत्र ज्याचे त्याच्याकडेच राहील, कोणी वाचायचे नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.
डोळे मिटले की मला दवाखान्यातला पंखा दिसतो. अनूचे पप्पा जाऊन तीन महिने झाले. मी डोळे उघडेच ठेवले. मॅडमनी पाहिले.
अनू माझ्याच वर्गात, १० ब. पोटच्या मुलीसमोर हे कसे घ्यायचे.

२२ नोव्हें., शनि.
घेतले. सार्थकने सुरुवातीलाच विचारले, "मॅडम, श्वासाला किती मार्क?" हशा. म्हटले, शून्य. तर म्हणाला, "मंग आपला पैला नंबर."
पाच मिनिटे वर्ग खरंच शांत होता. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तरी कोणी खुसखुसले नाही. पत्रे लिहिताना डाव्या हाताला घाम. एक मुलगी डावखुरी, ती उजव्याने लिहीत होती. अनू खाली मान घालून लिहीत होती, पानभर.
सांगितले, कोणी वाचणार नाही. मी सुद्धा.

२४ नोव्हें., सोम.
मुख्याध्यापक सरांनी बोलावले. "उपक्रम छान. पुरावा काय? नुसत्या फोटोवर भागत नाही, फाइलला कागद पाहिजेत." मी सांगितले, पत्रे खाजगी आहेत. "नावं आहेत का त्यावर? नाहीत ना. मग कसलं खाजगी. लावा आणि शुक्रवारी परत द्या."
मी वाद घातला नाही. कधीच घालत नाही. वर्गात जाऊन म्हटले, फाइलपुरते द्या, कोणाचे कोणते ते कळत नाही. रांगेतून कागद पुढे आले. अनूनेही दिला.
बेचाळीस. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर तेही समोर होते. वह्या संपल्या, हात तसाच पुढे गेला. लाल पेन, खूण, सही, तारीख. पानभर लिहिलेल्यांना 'छान'. एक अक्षर वाचले नाही. हल्ली वह्याही वाचत नाही. अर्ध्यावर लक्षात आले तेव्हा वाटले, आता काही जणांवर सही आणि काही जणांवर नाही, ते बरे दिसणार नाही. सगळे पूर्ण केले.

२५ नोव्हें., मंगळ.
सरांना अहवालासाठी मुलांची दोन-चार वाक्ये हवी होती. म्हणून वाचायला बसले. शाळा सुटलेली.
एक : 'तू मामाच्या पोराएवढा हुशार नाहीस पण तुला ट्रॅक्टर येतो, त्याला येत नाही.' हसू आले. पुष्कळ दिवसांनी.
एक : 'रडायचं तर टाकीमागं जा, तिथं कोणी येत नाही.' ते लिहून घेतले नाही.
अकरावा कागद. इथे जसाच्या तसा उतरवते, नाहीतर उद्या मला खरे वाटणार नाही.
'त्या सकाळी पप्पा म्हणाले छातीत जळजळतंय. तू लिंबूपाणी करून दिलंस. ते म्हणाले मम्मीला सांगू नको, तिला शाळेची घाई आहे, उगाच घाबरेल. तू सांगितलं नाहीस. दुपारी फोन आला. तुझ्या जागी मैत्रीण असती तर मी म्हणाले असते की तुला काय माहीत, तू लहान आहेस. पण तू मैत्रीण नाहीस. तू तूच आहेस.'
खाली लाल पेनने 'छान'. माझी सही. २४/११.
शिपाई मामा कुलूप घेऊन आले. "मॅडम, बरं न्हाई का?" म्हटले, बरंय.

२६ नोव्हें., बुध.
दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले होते, सकाळी काही त्रास? मी म्हणाले होते, अजिबात नाही. अनू शेजारी उभी होती.
मग भेटायला आले त्या सगळ्यांना मी तेच सांगितले. पोहे खाल्ले, हसत कंपनीत गेले, कसलाही त्रास नव्हता. चर्चच्या पाळकसाहेबांना, शेजाऱ्यांना, ह्यांच्या शिफ्टच्या लोकांना. पाणी घेऊन अनूच यायची. प्रत्येक वेळी तिने ते ऐकले.
आज सकाळी ती चहा गाळत होती. मी मागे उभी राहिले आणि मला तिचा राग आला. एक शब्द बोलली असती तर. पंधरा वर्षांच्या मुलीचा राग. मग ह्यांचा. कशाची घाई होती मला शाळेची? चाचणी परीक्षा होती, एवढेच.
तिने विचारले, "साखर कमी झाली का?" म्हटले, नाही.

२७ नोव्हें., गुरु.
अहवालासाठी उरलेले कागदही वाचून झाले. उद्या परत द्यायचे. तिचा तेवढा ठेवून घेतला तर तिला कळेल. दिला तर ती समजेल की मम्मीने वाचले आणि छान म्हणून सही केली. दुसऱ्या एका कागदावर पांढरी शाई लावून पाहिली. जास्तच उठून दिसते.
प्रशिक्षणाच्या मॅडमना फोन केला. माझीच मुलगी, हेही सांगितले. त्यांनी विचारले, "तुम्ही गोळा केले?" आवाज चढला नाही, ते जास्त लागले. म्हणाल्या, आधी वर्गाला खरे सांगा. घरचे नंतर. आणि तिला एकटी पाडू नका, तिने बोलावे म्हणून खोदून विचारू पण नका. तुम्ही तिथे आहात हे तिला दिसू दे. जड वाटले तर दोघींनी समुपदेशकांकडे या, नंबर पाठवते.
शेवटी विचारले, "तुम्ही कशा आहात?" मी फोन ठेवला.

२८ नोव्हें., शुक्र.
सांगितले. उभी राहूनच. वाचणार नाही म्हणाले होते, वाचले. त्याआधी न वाचता सह्या केल्या. दोन्ही चूक. माफ करा.
पंचवीस वर्षांत वर्गाला असे कधी म्हटले नव्हते.
सार्थक : "आमचं बी वाचलं?"
"सगळ्यांचं."
"ट्रॅक्टरचं सरांना न्हाई ना दावलं?"
वर्ग हसला. अनू हसली नाही. बाकाकडे बघत होती.
कागद टेबलावर पालथे ठेवून मी बाहेर व्हरांड्यात थांबले. एकेक जण येऊन आपापला शोधून नेत होता. तासाची घंटा झाल्यावर आत गेले. एक राहिला होता. तिने नेला नाही.
पर्समध्ये ठेवला. घरी दोघी जेवलो. तिने दोन पोळ्या खाल्ल्या. नेहमीपेक्षा एक जास्त की कमी, तेही मला सांगता येईना.

३० नोव्हें., रवि.
दौंडला सासूबाईंकडे गेलो. चर्चनंतर ह्यांच्या कबरीवर फुले. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "पोरगी लई गुणाची. आयला सांभाळती, रडत बी न्हाई." अनू बूट पुसत राहिली.
शिरूरकडे परतताना एसटीत न्हावरा मागे पडले. मग अनू खिडकीकडे बघतच, "तू आजीला सांगणार?"
"तू म्हणशील तसं."
"तुला राग आला का माझा?"
खोटे बोलणार होते. तीन महिने बोलतेच आहे, नकळत. म्हटले, "आला. एक दिवस. माझाच मला धक्का बसला. तुझी चूक नव्हती, अनू. त्यांनी तुला गप्प राहायला सांगायला नको होतं."
पुढच्या सीटवरचे आजोबा कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होते.
मग ती म्हणाली, "आदल्या दिवशी जिना चढताना पप्पा मधेच थांबले होते. कठड्याला धरून. तू मागं होतीस. तू बघितलंस ना?"
बघितले होते. हे मी कोणाला सांगितलेले नाही, ह्या वहीतही नाही. हातात भाजीची पिशवी होती. मला वाटले, वय झाले, आणि म्हणाले, चला, वाटेत उभे राहू नका.
म्हटले, "बघितलं."
ती पहिल्यांदा वळली. माझ्याकडे नीट बघितले. ह्यांच्यासारखे बघते, डोळे बारीक करून.
"मग मी चिडू तुझ्यावर?"
"चीड."
तिने मान हलवली. हो की नाही, कळले नाही. स्टँडवर उतरलो, घरापर्यंत चालत आलो. ती दोन पावले पुढे. कोपऱ्यावर थांबली, मी येईपर्यंत. मग परत पुढे.
उद्या पहिला तास १० ब, माझाच.