गाडीला भोक न पाडता

३ मार्च, सोमवार
परवानगी मिळाली! बायकोच्या पिकअपमध्ये हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी सेट, बसवायचा, छतावर अँटेना लावायची आणि तीस तारखेच्या सायकल शर्यतीत रेडिओ क्लबतर्फे ड्युटीवर जायचं. रेडिओचं लायसन्स काढून नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत हवेत एक अक्षर सोडलेलं नाही. आधी सेट नव्हता. मग सेट आला तर मूड नव्हता. आता सगळं जुळून आलंय.
अट एकच. गाडीला भोक पाडायचं नाही. पिकअप तिच्या रोपवाटिकेची, तिनं स्वतः राबून घेतलेली, पांढरीशुभ्र. एक जरी भोक दिसलं तर शर्यतीला चालत जायचं, म्हणाली.
मी शब्द दिला. शब्दाचा मी पक्का आहे.

४ मार्च
मला रेडिओच का हवा, हे आज स्वतःशी स्पष्ट केलं. छापखान्यात मी प्रुफं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली, पण माझं वाक्य आजवर कोणी पूर्ण होऊ दिलेलं नाही. साहेब मधे बोलतात. मशीन मधे बोलतं. घरी तर मी 'मला वाटतं' म्हटलं की पुढचं बायकोच सांगते, आणि ते मला वाटतच नसतं.
रेडिओचं तसं नाही. माइकचं बटण दाबून धरलं की आपणच बोलायचं. त्या वेळात बाकी कोणाला बोलता येत नाही. इतकं सभ्य यंत्र दुसरं नाही.

८ मार्च, शनिवार
क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याच्या तोंडात काहीबाही घालून स्वतः बोलत राहायची सवय. त्यांनी सांगितलं, चुंबकाची अँटेना घ्या, छतावर नुसती ठेवायची, चिकटते. घेतली, ठेवली, चिकटली. दोन मिनिटांचं काम. लोक उगीच बाऊ करतात.

९ मार्च
रोपवाटिकेच्या फाटकावर हिरव्या जाळीचा आडवा पाइप आहे. तो आहे हे मला माहीत होतं. अँटेनेला माहीत नव्हतं. ती उडून झेंडूच्या ट्रेमध्ये पडली. चाळीस रोपं परत लावली. त्यातली दोन मी उलटी लावली असं बायकोचं म्हणणं आहे.
चुंबक हा बायकी प्रकार आहे. (हे वाक्य घरात बोलायचं नाही.)

१५ मार्च, शनिवार
बायको पुष्पप्रदर्शनाला गेली आहे, उद्या दुपारी परत. शांतपणे विचार केला. भोक म्हणजे काय? जिथून आरपार दिसतं ते. त्यात अँटेनेचं बूड घट्ट बसलं की आरपार दिसत नाही. म्हणजे ते भोक नव्हे, फिटिंग. शब्द कुठेही मोडत नाही.
दुपारी ३. ड्रिल मारलं. छताच्या आत बरोबर तिथेच आडवी पट्टी निघाली. नट बसायला जागा नाही. गाडी बनवणाऱ्यांनी विचार करायला हवा होता.
दुपारी ४. चार बोटं सोडून दुसरं फिटिंग केलं. उत्तम! अँटेना खांबासारखी उभी आहे.
पहिल्या फिटिंगचं मात्र आता भोक झालं. सिंकचं रबरी बूच कापून बसवलं, वरून छापखान्यातला व्हाइटनर तीन हात. सहा फुटांवरून काही कळत नाही. बायको पाच फूट दोन इंच आहे. छत तिला दिसणारच नाही.

१६ मार्च
बायको आली. अँटेना बघून खूश दिसली. हात उंच करून हलवून पाहिली. हलत नाही म्हणाली. मी म्हणालो, चुंबक चांगलं मिळालंय.
संध्याकाळी तिनं नळीनं गाडी धुतली. व्हाइटनर पाण्यात विरघळतो हे बाटलीवर लिहायला हवं. आत सीटवर टपटप. कुठून येतंय, तिनं विचारलं. मी म्हणालो, एसीचं पाणी. या गाडीला एसी नाही, असं ती शांतपणे म्हणाली आणि झारी उचलून निघून गेली.
तिला पटलेलं दिसतंय.

२० मार्च, गुरुवार
गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे. वायर थेट बॅटरीपासून आणायची, म्हणजे पेडलच्या मागच्या पत्र्यातून. म्हणजे आणखी एक. पण ते इतकं आत आहे की त्याला गाडीचं भोक म्हणणं अन्याय होईल.
सेट बसला! दिवा लागला! अध्यक्षांना हाक दिली. दवाखान्यातून त्यांचं उत्तर आलं, आवाज स्पष्ट, पण थोडक्यात बोला. नऊ वर्षांनंतरचा पहिला संवाद आणि हा माणूस म्हणतो थोडक्यात.
इलेक्ट्रिशियन म्हणाला, माइक लटकवायला डॅशबोर्डवर आकडा लावतो, दोनच स्क्रू. मी ठाम नकार दिला. त्यानं समजावलं, साहेब, माइक असा सीटजवळ टाकाल तर कधीतरी बटण कशाखाली तरी दबेल. मी म्हणालो, घरात शब्द दिलाय, या गाडीला भोक पाडणार नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. तत्त्वाचा माणूस त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल.
माइक सीट आणि हँडब्रेकच्या मधल्या फटीत छान बसतो.

२३ मार्च
ड्युटी जाहीर झाली. मला शेवटची गाडी. सगळ्या सायकलींच्या मागून जायचं, कोणी थकलं तर उचलायचं. अख्खी शर्यत माझ्या नजरेसमोर राहणार, म्हणजे एका अर्थानं सूत्रं माझ्याकडेच. अध्यक्षांनी बजावलं की अगदी गरज असेल तेव्हाच बोला. मी काय काय बोलायचं ते लिहून ठेवलंय. चौदा पानं झाली.
बक्षिसाची रोपं आपल्याच रोपवाटिकेतून जाणार. बायको शेवटच्या रेषेपाशी असेल. तिच्या कानांवर माझा आवाज पडावा ही इच्छा आहे. अध्यक्ष रेडिओला लाउडस्पीकर जोडणार आहेत, म्हणजे लोकांना शर्यत ऐकू येईल. या माणसानं पहिल्यांदाच चांगलं काही केलं.

२८ मार्च, शुक्रवार
सेटमध्ये एक आगाऊ सोय सापडली. सलग तीन मिनिटं बोललं की तो आपोआप बंद पडतो. म्हणजे आता यंत्रानंही मला मधेच तोडायचं! सोय बंद करून टाकली.
उद्याचा एक दिवस कसाबसा काढायचा. बायकोनं छताकडे पाहू नये एवढीच प्रार्थना. नऊ वर्षं वाट पाहिलीय. चालत जायची वेळ आली तर मला खरंच रडू येईल.

३० मार्च, रविवार, सकाळी ६
निघतोय. पाठीला उशी, चौदा पानं, पेन. बायको रोपं घेऊन टेम्पोनं पुढे गेली. जाताना म्हणाली, नीट जा आणि बडबड करू नका. मी हसलो.

दुपारी १२:३०, शेवटच्या रेषेजवळ, गाडीतच
मोहीम फत्ते! घाईत लिहितोय.
पुलाच्या अलीकडे एक ग्रंथपालबाई थकून बसल्या होत्या. त्यांची सायकल पिकअपमध्ये मागे चढवली, बाईंना शेजारी बसवलं. कंट्रोलला कळवलं, एक स्पर्धक उचलली. अध्यक्षांचं 'ठीक' आलं. माइक फटीत खोचला, वर बाईंचं हेल्मेट नीट दाबून बसवलं, घरंगळायला नको.
त्यानंतर रेडिओवर चिडीचूप. पन्नास मिनिटं कोणाचा ब्र नाही. यांच्या पोटात दुखतंय, दुसरं काय! बाईंनी विचारलं, हा लाल दिवा सारखा का पेटलाय? मी समजावलं की सेट सज्ज असल्याची ती खूण आहे.
बाई फार गुणी. ग्रंथालयात राहून शांतता अंगी मुरलेली. पन्नास मिनिटांत एकदाही मधे बोलल्या नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. अध्यक्ष दाढ काढण्याआधीच पेशंटचा जीव कसा काढतात ते. बूच, व्हाइटनर, एसीचं पाणी, तिन्ही फिटिंग्ज. बायको बसते त्या सीटवर पाणी गळतं आणि तिला पत्ता नाही, हेही. बाई खूप हसल्या. मग मनात नसताना तोंडून निघून गेलं की ती प्रदर्शनाला जाते तेव्हा घर खायला उठतं, मधे बोलणारं कोणी नसलं की माझीच वाक्यं मला पूर्ण करता येत नाहीत. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. अनोळखी माणसाजवळ मन मोकळं होतं, ते असं.
शेवटी एक जुनं गाणं म्हटलं. दोन कडवी.
रेषेवर पोचताच टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या! शेवटच्या गाडीसाठी एवढ्या टाळ्या कधी पडल्या नसतील. अध्यक्ष स्वतः धावत येतायत, चेहरा लालबुंद, भावनाविवश झालेले दिसतात. मागून बायको. तिच्या हातात बक्षिसाचं रोप आहे. बहुधा मलाच.

संध्याकाळी ७
रोप मला नव्हतं.
हेल्मेटखाली माइकचं बटण दबलेलं होतं. लाल दिवा सज्ज असल्याचा नसतो. आपण बोलत असल्याचा असतो.
पन्नास मिनिटं माझ्या एकट्याचा आवाज हवेत होता. बाकी कोणाला एक अक्षर बोलता आलं नाही. पाण्याच्या गाडीला पुढे सरकायचा निरोप मिळाला नाही, ती अजून पुलाजवळच उभी होती. लाउडस्पीकरवर शर्यत ऐकायला जमलेल्या साताठशे लोकांनी मला ऐकलं. अध्यक्षांच्या दवाखान्याबद्दलचं सगळं ऐकलं, आणि त्यात त्यांचे पेशंटही होते. अध्यक्षांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं.
बायकोनं रोप खाली ठेवलं. माझ्या हातातून किल्ली घेतली. घरापर्यंत मला चालवत आणलं नाही हे तिचे उपकार.
घरी आल्यावर स्टूल आणून त्यावर चढली, छत पाहिलं, बूच काढलं, परत बसवलं. खाली उतरून एवढंच म्हणाली, तिसरं कुठंय? मी पेडलकडे बोट दाखवलं.
मग मला धीर करून विचारावंसं वाटलं की गाणं ऐकलं का. म्हटलं, मला वाटतं... ती थांबली. पुढे काही बोलली नाही. मी वाक्य पूर्ण करावं म्हणून उभी राहिली. मला ते पूर्ण करता आलं नाही.

३१ मार्च, सोमवार
क्लबनं मला सहा महिने फक्त ऐकायची परवानगी दिली आहे. माइक अध्यक्षांच्या कपाटात.
सकाळी बायकोनं ड्रिल मागितलं. मी निमूट दिलं. मला वाटलं, सेट उखडणार. तिनं डॅशबोर्डवर माप घेतलं, पेन्सिलीनं दोन खुणा केल्या, सरळ दोन भोकं पाडली आणि माइकचा आकडा स्क्रूनं पक्का केला. माइक नसलेला आकडा. सहा महिन्यांनी लागेल म्हणाली. तोवर त्याच्यावर झारी अडकवलीय.
गाडीला एकूण पाच भोकं झाली. त्यातली दोन तिची आहेत. हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं.