फुंकायची नळी

ता. ९ डिसेंबर, सोमवार

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी ठीक. तू आणि जावईबापू ठीक असाल. शेजारच्या मास्तरांनी परत माझ्या दारात स्कूटर लावली, चांगलं झापलं. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

शाळेत सध्या नवीन खूळ आहे. विज्ञानाच्या बाईंनी फाटकाजवळ भिंतीला एक डबा लावलाय. हवा बरी असली की हिरवा दिवा, घाण झाली की लाल. तिसरीची पोरं गळ्यात पुठ्ठे अडकवून पहारा देतात. आणि चोर कोण सापडला? मी! माझी व्हॅन फाटकात चालूच असायची ना. बॅटरी उतरली होती, बंद केली की परत लागायची नाही.

त्यांच्यात एक पोरगी आहे. एवढीशी आहे म्हणून मी तिला टिकली म्हणतो. खिडकीशी येऊन म्हणते, "आजोबा, इंजिन बंद करा. डबा लाल झाला."

"तुझा डबा बिघडलाय."

"डबा नाही, तुमची गाडी बिघडलीय. सगळा धूर आमच्या नाकात जातो."

"आमच्या वेळी असली नाजूक नाकं नव्हती."

"मग काय होतं तिथे?"

सगळी कार्टी फिदीफिदी हसली. बाईंनी हात जोडले म्हणून केली बंद. मग व्हायचं तेच झालं. मुलं आत बसली आणि गाडी ढिम्म. मुलांना उतरवलं, दुसऱ्या व्हॅनच्या पोरग्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि मी आणि वॉचमन ढकलायला लागलो. गाडी लागली. मी पायरीवर बसलो. जरा वेळ बसलो. पोरं ओरडत होती, "आजोबा, नाटक नको!" मीच शिकवलंय त्यांना ते.

नवी बॅटरी टाकली. तो विषय संपला.

तुमच्याकडे थंडी पडली का? इथे सकाळी समोरची इमारत दिसत नाही. आधी मी त्याला धुकं म्हणायचो. टिकली म्हणते, धुकं नाही ते, धूर आहे.

बरं, पुढचं सांगतो. शुक्रवारी बाईंनी मला वर्गात बोलावलं. इंजिन बंद ठेवतो म्हणून टाळ्या. मला असली थेरं आवडत नाहीत, पण गेलो. फळ्यावर फुप्फुसाचं चित्र, आणि टेबलावर एक नळी. जोरात फुंकलं की तिच्यावरचा लाल काटा पुढे सरकतो. पोरं रांगेने फुंकत होती, थुंकी सगळीकडे. टिकली म्हणाली, "आजोबा, मला हरवून दाखवा!"

मी फुंकलं. काटा जरासा हलला. वर्ग हसला. मला वाटलं नळी नीट धरली नाही. परत फुंकलं, सगळा जीव काढून. काटा तिथेच. या वेळी कुणी हसलं नाही. तेवढ्यात ती माझ्या बाहीला धरून हळूच म्हणते, "आजोबा, मी परत फुंकते हं. हळू फुंकते."

मला जिंकवायला, गं.

बाई बाहेर सोडायला आल्या. डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. व्हॅन घ्यायच्या आधी गॅरेजात इतकी वर्षं गाड्यांना रंगाचा फवारा मारला, तोंडाला कधी फडकं बांधलं नाही. बांधणाऱ्यांना हसायचो. हे बाईंना नाही सांगितलं.

फोन का नाही केला, ते खरं सांगतो. बोलताना धाप लागते आणि ती तुला ऐकू येते. गेल्या खेपेला तू तेच म्हणालीस, तर मी म्हटलं मला रोगी ठरवायला आलीस का. तू जेवली नाहीस, तशीच निघालीस.

आज व्हॅनची किल्ली एका ड्रायव्हर पोरग्याला देऊन टाकली. मागे पंधरा मुलं बसलेली असतात. भर रस्त्यात माझा श्वास अडकला तर काय, हे मनातून जात नाही. आज घरीच आहे. बसवत नाही, उठून दारापर्यंत जातो, परत येतो.

डॉक्टरकडे एकटा गेलो तर बाहेरच्या बाकावरूनच परत येईन. मी ओळखतो मला. तू बरोबर असलीस तर बसावं लागेल. डॉक्टर काय बोलतात ते तू ऐक. मला नंतर सांग. सगळं सांग, गोड करून नको.

जावयांना सांगून ये. ये म्हणजे ये. वाट बघतोय, हे मी तुझ्या आईलाही कधी लिहिलं नव्हतं.

बाबा