खतीजाबींच्या शाळेची नोटीस

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नोटीस आली. कुरुंद्याच्या शाळेला! आयकराची. दोन लाख सत्त्याण्णव हजार भरा म्हणून.

माझे साहेब, करसल्लागार उद्धवराव सर, जेवायला घरी गेले होते. ऑफिसात मी एकटीच. तीनदा वाचली. खतीजाबींनी शिलाईच्या तिन्ही मशिनी विकून काढलेली कर्णबधिर लेकरांची शाळा ती — तेवीस मुलं, दोन शिक्षिका, एक गाडी. नफा म्हणून एक रुपया नाही. देणग्या येतात, खर्च होतात. आणि २०२२-२३ या वर्षाच्या सगळ्या देणग्या उत्पन्न धरून त्यावर कर लावलाय. खर्च मुळी वजाच नाही!

कारण एका ओळीत — लेखापरीक्षण अहवाल मुदतीत दाखल नाही.

अहवाल दाखल झाल्याची तारीख बघितली. ती मला पाठ आहे.

१० जानेवारी

चूक माझी. इथं तरी लिहून टाकते.

धर्मादाय संस्थेला करमाफी आपोआप मिळत नाही. सीए अहवाल पोर्टलवर चढवतो, मग संस्थेच्या लॉगिनमधून तो मंजूर करावा लागतो. तेव्हाच तो दाखल झाला म्हणायचा. मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२३. सीएनं वेळेत चढवला होता. शाळेचं लॉगिन आमच्या ऑफिसकडं, मंजूर करणं माझ्याकडं. एक बटण, एक ओटीपी — बस्स! मी ते केलं १९ डिसेंबरला.

ऑक्टोबरात आई नांदेडला आयसीयूत होती. दोन नोव्हेंबरला गेली. कामावर परत आले ती नुसतीच खुर्चीत बसायला. डिसेंबरात राहिलेलं दिसलं, घाईघाईनं मंजूर केलं आणि कुणाला बोलले नाही. खपून जाईल वाटलं. वर्षभर वाटतच राहिलं.

१३ जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "उशीर माफ करा म्हणून आयुक्तांकडं अर्ज करता येतो. पोर्टल चालत नव्हतं असं लिही. सगळेच लिहितात."

म्हटलं, सर, त्याच आठवड्यात सीएचा अहवाल चढलाय. कोण मानेल? खरं कारण लिहू या.

"ऑफिसची चूक कागदावर येता कामा नये. वसमतमध्ये पंचवीस वर्षं काढलीत मी."

अर्ज तसाच राहिला. 

१७ जानेवारी

खतीजाबी आल्या होत्या. सोबत हरिचंदशेठ — हळदीचे व्यापारी, शाळेचे विश्वस्त. सगळ्यात मोठी देणगी त्यांचीच असते.

शेठ म्हणाले, "नोटीस उगीच येत न्हाई, खतीजाबी. पैसा कुठंतरी गेलाच असंल. उलगडा होईपर्यंत माझी देणगी थांबली म्हणा."

खतीजाबी खाली बघत होत्या. पासष्टीची बाई. शेठ गाडीकडं गेले तशा माझ्याजवळ आल्या. "बेटा, एक पैसा नै खाया मैंने. तुला तर मालूम हाय ना?"

मला माहीत होतं. मान हलवली. तोंड उघडलं नाही! काय बाई आहे मी.





२३ जानेवारी

शाळेची गाडी बंद पडली. डिझेलला पैसे नाहीत. आसपासच्या खेड्यांतली नऊ लेकरं यायची थांबली. खतीजाबींच्या लेकीनं, तरन्नुमनं, मेसेज केला — ती स्वतः बहिरी, तिथंच शिकवते. नुसती नावं पाठवली, नऊ. खाली काही नाही.

२७ जानेवारी

कुरुंद्याला गेले. सांगितलं.

वाटलं होतं रडेन, पण नाही रडले. तारखा सांगितल्या, बटण सांगितलं. खतीजाबी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी अम्मा तवाच गेली ना? मी आले होते तुझ्या घरी. बसले होते तुझ्या बाजूला."

"हो."

"तवा न्हाई बोलली ते समजलं. पन त्या दिवशी शेठच्या समोर काहून न्हाई बोलली?"

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत. मी बसून. तरन्नुम आतल्या दारात उभी होती, तिनं आईकडून हातांच्या खुणांनी सगळं काढून घेतलं असावं. बाहेर येऊन खतीजाबी म्हणाल्या, "ती इचारून राहिली — आता पुढं काय करनार तू?"

म्हटलं, लिहून देईन. शपथेवर.

"आधी शेठला सांग. माझ्या समोर."

३० जानेवारी

विश्वस्तांची बैठक. उभं राहून बोलले. हरिचंदशेठनी मध्येच थांबवलं — "म्हंजे पैसा गेलाच न्हाई? नुस्तं बटण?"

"नुसतं बटण, शेठ."

ते खतीजाबींकडं वळले. खिशातून चेकबुक काढलं, पेन मिळेना. खतीजाबी म्हणाल्या, "चेक नंतर. पहले बोलो."

"चुकलं माझं," शेठ म्हणाले.

खतीजाबींनी स्वतःचं पेन पुढं केलं.

१ फेब्रुवारी

शपथपत्र झालं. दवाखान्याची कागदं जोडली. आईच्या मृत्यूचा दाखलाही. करमाफीच्या अर्जाला आईचा दाखला! झेरॉक्सवाल्यानं विचारलं, किती प्रती? म्हटलं, तीन.

सरांना एक प्रत दिली. पूर्ण वाचली त्यांनी. "सोमवारपासून येऊ नको," म्हणाले. नऊ वर्षांची नोकरी.

११ फेब्रुवारी

अर्ज गेला. दोन कापूसवाल्यांची वह्या-बिलं घरी आणून करते आहे. भागतं.

गाडी सुरू झालीय. नऊपैकी सात लेकरं परत आली. दोन नाही. त्यातल्या एकीला बापानं गुरांमागं लावलं म्हणे. पूजा तिचं नाव. खतीजाबी दोनदा जाऊन आल्या.

२९ मार्च

काहीच नाही. रोज सकाळी पोर्टल बघते.

१८ जून

आदेश आला! उशीर माफ! 'वाजवी कारण' असे शब्द आहेत. कराची मागणी रद्द व्हायला आणखी एक अर्ज करावा लागेल, पण तो नुसता कागद.

खतीजाबींना फोन केला. मग मोठ्यानं सगळ्यांना सांगायला लागल्या — आणि स्वतःच हसल्या, वर्गात ऐकणारं कोण होतं! पाठीमागं बाक वाजवल्याचा दणदणाट आला. हातांनी सांगितलं असणार.

शेवटी म्हणाल्या, "पूजा आज आली बरं का."

२१ जून

सरांचा फोन. चार महिन्यांत पहिला. जवळा बाजारच्या एका वाचनालयाचं हिशेबाचं काम ते बघतात, त्याला तशीच नोटीस आलीय. अहवाल मंजूर करायचा सरांकडूनच राहिला होता.

"तू लिहिलंस तसं शपथपत्र लिहून देशील का?" म्हणाले. मग स्वतःच पुढं म्हणाले, "खाली नाव माझं टाक."