पूर्ण नाव

नाटे, आश्विन शुद्ध पंचमी

प्रिय रुचिरास,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच चुलीत घातलं असतंस, तरी मी तुला दोष दिला नसता. पण उघडलंच आहेस, तर आता शेवटपर्यंत वाच. तुझा आताचा पत्ता मला ठाऊक नाही, म्हणून बुरोंडीला तुझ्या आईच्या नावावर पाठवतो आहे. माझ्या नावाने चार शिव्या घालून का होईना, ती ते तुझ्यापर्यंत पोचवील.

आधी वाईट बातमी सांगतो. तुझी सासू श्रावणात गेली. तुला कळवलं नाही, कारण कळवायला तोंड नव्हतं. शेवटचे आठ दिवस चिमा माणसं ओळखत नव्हती. शेजारची कुणी पाणी द्यायला आली की तिचा हात धरून 'रुचिरा, जेवलीस का गो' म्हणून विचारायची. बायका शहाण्या, 'होय, जेवले' म्हणायच्या. मी दाराशी बसून ऐकायचो. तू गेल्यापासून गेली पाच वर्षं ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होतो, पण तिने ती संधी दिली नाही.

घर आहे तसंच आहे. कुठलं घर, ते तुला सांगायला नको. माझ्या धाकट्या भावेशने जेटीच्या वर, चढणीला बांधायला घेतलेल्या त्या दोन खोल्या. चिऱ्याच्या भिंती खिडक्यांच्या वर गेल्या होत्या तिथेच थांबल्या आहेत. आत रानतुळस माजली आहे. तू बुटकी म्हणून त्याने स्वयंपाकाचा ओटा चार बोटं खाली घेतला होता आणि गवंड्यासमोर तुझी थट्टा केली होती, तो ओटाही तसाच आहे. मी आता रोज सकाळी तिथे जाऊन बसतो. तिथून खाडीचं तोंड दिसतं. त्याची होडी जिथे उलटली ती जागाही दिसते. पूर्वी मी तिकडे पाठ करून बसायचो, हल्ली बघतो.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. भावेशचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू घरात दिसली नाहीस, म्हणून मी घाबरून शोधायला निघालो. मनात नको ते आलं. तू तिथे होतीस. विहिरीवरून कळशी आणून भिंतींना पाणी मारत होतीस. बांधकाम ओलं आहे, पाणी चुकलं तर सांधे कच्चे राहतील, असं भावेश तुला सांगून गेला होता. तो गेला, पण तुझं पाणी चुकलं नाही. मी तसाच मागे फिरलो. आणि त्याच आठवड्यात तुला एसटीत बसवून राजापूरला सहीला घेऊन गेलो. हे एकाच माणसाने केलं, यावर माझा मलाच विश्वास बसत नाही.

दीपकने, तुझ्या थोरल्या दिराने, मुंबईहून फोनवर माझं डोकं भरवलं होतं हे खरं. पोर सव्वीस वर्षांची आहे, उद्या दुसरं लग्न करील, भावेशचं घर परक्याच्या घशात जाईल, असं त्याचं म्हणणं. पण त्याच्यावर ढकलून मी सुटणार नाही. हक्कसोडपत्राचा मजकूर मीच तयार केला होता. मच्छीमार सोसायटीत चौतीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरले. कुणी अर्धवट नाव सांगितलं की मी खेकसायचो, पूर्ण नाव सांगा, बापाचं, नवऱ्याचं, कागदावर आहे तसं. गावातल्या एकाही माणसाचं नाव मी कधी चुकवलं नाही. तुझंही चुकवलं नाही. रुचिरा भावेश डोर्लेकर. वळणदार अक्षरात लिहिलं आणि त्याखाली तुझा हक्क माझ्या नावावर सोडवून घेतला. तू मला एकदाच विचारलंस, 'बाबा, ही सही कशाची ओ?' मी म्हटलं, वारसाची नोंद आहे, नुसती सही. नोंदणी करणाऱ्या साहेबाने विचारलं, बाई, मजकूर वाचलात का, मान्य आहे का? तू माझ्याकडे पाहिलंस आणि उत्तर मी दिलं. महिन्याभराने तुझा भाऊ तुला न्यायला आला, तेव्हा मी थांब म्हटलं नाही.

आता दीपकला ते घर विकायचं आहे. पुण्याचं कुणी गिऱ्हाईक आहे, समुद्र दिसणारी जागा त्यांना सुट्टीत राहायला हवी. दिवाळीला येऊन माझ्या सह्या घेणार आहे. मी देणार नाही. पण आज आहे तो उद्या नाही, अशा वयात माझ्या नकाराला किती जोर? म्हणून मृत्युपत्र करायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं, वकील मिळेना. राजापूरच्या वकिलाकडे जाण्यात अर्थ नव्हता. माझ्या मजकुराचा पक्का कागद त्यानेच करून दिलेला, शिवाय दीपकचा शाळासोबती. मी जिना उतरायच्या आत फोन मुंबईला लागला असता. सोसायटीतले जुने ओळखीचे गुरुप्रसाद मास्तर यांना सोबत घेऊन रत्नागिरी गाठली. कोर्टाबाहेर पहिले भेटले त्यांनी छापील नमुना पुढे केला आणि मोकळ्या जागा भरा म्हणाले. जन्मभर मी लोकांच्या मोकळ्या जागा भरल्या, त्यासाठी सत्तर किलोमीटर कशाला येऊ? दुसरे भले गृहस्थ. पण मुलाला घेऊन या, म्हणजे पुढे कटकट नको, असा त्यांचा आग्रह. मुलगा हीच कटकट आहे, हे त्यांना कसं सांगणार? मास्तर म्हणाले, परत जाऊ. मी म्हटलं, मासळी बाजारातसुद्धा माणूस तीन टोपल्या बघतो.

तिसऱ्या वकील म्हणजे एक तरुण बाई, संस्कृती शेट्ये. एसटी स्टँडमागे वरच्या मजल्यावर छोटी खोली. तिने आधी मास्तरांना बाहेर बसवलं. दार लावून घेतलं आणि मला विचारलं, 'आजोबा, हे तुम्ही स्वतःच्या मनाने करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?' आणि मग उत्तराची वाट बघत राहिली. रुचिरा, मला तिथे रडू फुटलं. सही घेण्याआधी माणसाला असं एकटं बसवून विचारायचं असतं, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं. तुला कुणी असं विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस, तेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

तिने सगळं समजावून सांगितलं. बक्षीसपत्र केलं तर घर आजच तुझ्या नावे होईल, पण त्याला तू येऊन स्वीकारायला हवंस. तुला पुन्हा त्याच कचेरीची पायरी चढायला सांगायचा धीर मला होईना. मृत्युपत्राला तुझी सही लागत नाही, तेच बरं. दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे, आणि नोंदणी. डॉक्टर हसून म्हणाले, डोकं उत्तम आहे. मी म्हटलं, पाच वर्षांपूर्वी तपासायला हवं होतं.

मग वकीलबाईंनी मजकूर लिहायला घेतला. घर कुणाला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुनेला, रुचिरा भावेश डोर्लेकर. लेखणी थांबवून त्यांनी विचारलं, सुनेचं पुन्हा लग्न झालंय म्हणालात ना? मग हे नाव आता तिचं कसं? मी म्हटलं, माहेरचं घाला, हिरा. तेही चालेना. आधार कार्डावर आज काय आहे ते हवं, नाहीतर उद्या तुमचा मुलगा म्हणेल अशी बाईच नाही. बुरोंडीच्या मासेवालीकडून मला कळलं होतं की तुझा नवरा बंदरावर इंजिनं दुरुस्त करतो, निर्व्यसनी आहे. तुला मुलगी झाली, तिचं नाव आरोही, तेही माहीत होतं. पण तुला आता काय म्हणून हाक मारतात, ते मी कधी विचारलंच नाही. बाईंनी मजकुरात त्या जागी टिंबं दिली आणि म्हणाल्या, कळलं की या. बस चुकली तरी मी त्या टिंबांकडे बघत बसलो होतो.

हिरा नाव चांगलं होतं गो तुझं. पण माझ्या आईचं नावही हिरा. चिमा सासूचं नाव तोंडाने घेणार नाही, मग सुनेला हाक कशी मारणार, म्हणून ते बदलायचं ठरलं. ताटातल्या तांदळात अंगठीने रुचिरा लिहिलं भावेशने, पण निवडलं होतं मी. तुला आवडलं का, हे विचारल्याचं मला आठवत नाही. नाव बदललं, मग त्याच नावाने सही घेतली, मग तुला नावासकट विसरलो असं दाखवलं. या पत्राच्या सुरुवातीलाही तेच लिहिलं, कारण मला दुसरं येत नाही. क्षमा मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती देऊ नकोस, मला पेलणार नाही. घरात राहायला ये असंही म्हणत नाही. तू ते विक, पाड, नाहीतर आरोहीला दे. फक्त दिवाळीच्या आत एक पोस्टकार्ड टाक. त्यावर मायना नको, खुशाली नको, पत्त्याखेरीज माझं नाव घालायचीही गरज नाही. तुझं आजचं पूर्ण नाव लिही, आधार कार्डावर आहे तसं. या वेळी त्यातलं एक अक्षरही मी बदलणार नाही.

तुझाच, कोणत्या नात्याने ते तू ठरव,
भागोजी तुकाराम डोर्लेकर