उनाईची वाडी

नवागाम, सुरत
रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९५

ह्यांच्या कारखान्यातले रमणभाई म्हणाले होते, "उनाईला आमच्या समाजाची वाडी आहे. खुशाल राहा, फुकट." मला वाटलं, वाडी म्हणजे आंबे, विहीर. ताडपत्री बांधून चौघं दोन दिवस राहू, लूमची खडखड नाही. पोरींनी ताडपत्री धुऊनसुद्धा ठेवली.

आज हे जागा बघून आले. चपला काढतानाच हसत सुटले. "अगं, लग्नाचा हॉल आहे तो! इथं हॉललाच वाडी म्हणतात." पंखे आहेत, नळ आहे, जाऊ म्हणतात. जाऊ की. मी कुठं नाही म्हणतेय?

पण ताडपत्रीची घडी घालवेना. त्या आंब्याखालची जागा मी मनात कधीच झाडून ठेवली होती.