फुलपाखराखालचा डाग

लासेम, मंगळवार

आदरणीय पाकदे यांस,

आपल्या धाकट्या भावाच्या मुलीचा, वेनिंगचा, वाकून नमस्कार. सेमारांगला आपण व बुदे खुशाल असाल, आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि बुदे साखर तपासूनच चहा घेत असतील (रक्तातली साखर म्हणतेय मी, डब्यातली नव्हे), अशी आशा करते. इकडे आई बरी आहे. म्हणजे वेळेवर जेवते, झोपते आणि माझ्याशी बोलत नाही. बाकी सर्व ठीक.

आता जे ठीक नाही ते लिहिते. पदवीदानाला आपण मुद्दाम बसने आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, की घराण्यात पहिलीच पदवी आली, आता ती घराच्या कामी येऊ दे. आणली मी कामी, पाकदे. त्याचीच ही शिक्षा भोगतेय.

आमच्या समोरचे पाक गुफ्रोन यांच्या कापडावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं, "पिढ्यान् पिढ्या हातानं काढलेलं अस्सल बाटिक." ते कापड एकदा उलटं करून पाहा! मागची बाजू फिकट, जवळजवळ कोरी. हातानं काढलेलं बाटिक दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, हे लासेमच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे, पण सुराबायाच्या गिऱ्हाइकाला नाही. त्यामुळे यंत्रावर छापलेला त्यांचा माल धडाधड खपतो आणि आईकडच्या आठ बायका तीन-तीन आठवडे वाकून जे काढतात ते कपाटात पडून राहतं. कारण आमच्या लेबलावर एवढंच असायचं : "बाटिक. सावलीत वाळवावे." (आपल्या मालाला आपणच चांगलं म्हणायला जीभ कशी उचलते गं, हे आईचं मार्केटिंगवरचं एकमेव मत.)

मग मी ठरवलं, बढाई मारायचीच नाही. खरं तेच लिहायचं. माणसाचा विश्वास गुणांच्या यादीवर बसत नाही, कबूल केलेल्या उणिवेवर बसतो, हे मी चार वर्षं शिकले. प्रत्येक कापडाला एक चिठ्ठी लावायची : कापड कुणी काढलं, किती दिवस लागले आणि हात कुठे चुकला. चुकतोच. वितळलेलं मेण नळीतून कापडावर सोडताना एखादा थेंब नको तिथे पडतो, तिथे रंग चढत नाही आणि डाग राहतो. म्बाह पाइन्तेन (आपल्या लग्नातलं कापड जिनं काढलं ती म्हातारी) अशा थेंबाला दोन पंख आणि दोन मिशा काढते आणि डागाचं फुलपाखरू होतं. आईलासुद्धा पत्ता लागत नाही. मी आठवडाभर वही घेऊन तिच्या शेजारी बसले म्हणून मला लागला. तर मी लिहिलं : "डाव्या कोपऱ्यातलं फुलपाखरू हे मुळात फुलपाखरू नाही. तो म्बाह पाइन्तेन यांच्या हातून सांडलेला मेणाचा थेंब आहे. यंत्राच्या हातून थेंब सांडत नाही." यात खोटं काय आहे, सांगा!

आणि चोरून केलं असंही नाही. तिला वाचता येत नाही म्हणून मी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. ती हसली, म्हणाली, "छान लिहिलंयस हो बाळ." याहून स्पष्ट होकार कसा असतो? (आई म्हणते, तो नकार होता. हसून "छान" म्हणजे नकारच, आणि "बघू या" म्हणाली असती तर ते भांडण. शहरात चार वर्षं राहून तू बहिरी होऊन आलीस, असंही म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं हे शेवटचं वाक्य.)

चिठ्ठ्या लावलेली बारा कापडं सुराबायाच्या बू लानींच्या दुकानात आठवड्यात खपली. त्यांनी लेबारानच्या सणासाठी आणखी तीस मागवली. म्हणजे मी जिंकले होते! तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई गाडी करून थेट इथे आल्या, हातात माझी चिठ्ठी. "त्या थेंबवाल्या आजी तुम्हीच ना? अय्या! एक थेंब पाडून दाखवा ना, व्हिडिओ घेते." बाकीच्या सातही बायकांच्या माना खाली. म्बाह म्हणाली, "हो, हो, मीच ती सांडणारी," आणि बाईंना चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून तिचे डोळे दुखतात. तिसऱ्या दिवशी सून येऊन तिचं बसायचं स्टूल घेऊन गेली.

राहिलेल्या सातजणींनी तर कमालच केली. मी खोलीत शिरले की बू रुमिनी म्हणते, "जपून गं बायांनो, फौजदार आल्या वही घेऊन." चिठ्ठीवर नाव नको म्हणून सगळ्या श्वास रोखून काम करतात. एक थेंब पडत नाही! दहा कापडं निघाली, आरशासारखी स्वच्छ. बू लानींनी ती परत पाठवली. म्हणे, मागचा माल खरा होता, हा छापील वाटतो, थेंब कुठे आहेत? आणि पाक गुफ्रोन यांनी काय केलं असेल? छापील फुलपाखरू बाजारात आणलं! प्रत्येक कापडावर, त्याच डाव्या कोपऱ्यात!

पुढच्या महिन्यात माल गेला नाही तर बू लानी त्यांच्याकडे वळणार आणि आईला बायकांना घरी बसवावं लागणार. आणि दोष कुणाचा? जिनं एक शब्दही खोटा लिहिला नाही तिचा. आपणच शाळेत शिकवलंत ना, खरं बोलावं? माफी मागण्याचा प्रश्नच येत नाही.

आपली आज्ञाधारक,
वेनिंग

ता. क. : गुरुवारच्या बसने याल का? आपल्याकडे धाकट्यानं एकट्यानं जाऊन माफी मागायची नसते, थोर माणूस बरोबर लागतं. आणि थोरांशी बोलायच्या मानाच्या भाषेत माझी जीभ तिसऱ्या वाक्याला अडखळते. म्बाहला आवडतं ते तुयुहानचं कोंबडीचं कालवण मी घेऊन ठेवते. आपण फक्त सुरुवात करून द्या. मुख्य शब्द मी बोलेन.

आणखी ता. क. : काल तिच्या जागेवर बसून, तिचं अर्धं राहिलेलं कापड पुरं करायला घेतलं. वीतभर जागेत एकोणीस थेंब पडले. पंख सगळ्यांना काढले, पण एकाचंही फुलपाखरू झालं नाही. फार तर झुरळं झाली. बू रुमिनी मागे उभी राहून म्हणाली, "लिहा फौजदार, चिठ्ठी लिहा." कागद घेतला, नाव घातलं, पुढे हात चालेना. तेव्हा म्बाहशी बोलताना तिला एवढं विचाराल का, आधी मिशा काढायच्या असतात की पंख?